रात्रीच्या कबड्डीसाठी कॅमेरा बॉडी घ्यायचीय? आधी मैदान मोजा, मग दुकानात जा

दिवाळी झाली की आमच्याकडे रात्रीच्या कबड्डीचे सामने सुरू होतात, आणि त्याच्या पंधरा दिवस आधीपासून मेसेज यायला लागतात, दादा कबड्डीला कुठली बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घेऊ. खरी गंमत अशी की विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांची बॉडी आधीच घेऊन झालेली असते, फक्त "चांगलीय ना?" एवढंच ऐकायचं असतं. मग पहिल्याच सामन्याला फोटो काळे, नाहीतर हिरवे, नाहीतर रेडर सोडून मागे बसलेल्या आजोबांवर फोकस. आणि शिव्या कॅमेऱ्याला.

चूक कॅमेऱ्याची नसते, क्रम चुकलेला असतो. बहुतेक जण आधी बॉडी घेतात, उरलेल्या पैशात लेन्स बसवतात आणि शेवटी मैदानात जाऊन बघतात की उजेड किती आहे. हे बरोबर उलटं करायचंय. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा, मधला एखादा गाळू नका, कारण पुढच्या टप्प्याचा आकडा मागच्यातून येतो. मी कबड्डीचं उदाहरण घेतोय कारण माझा जन्म तिथेच चाललाय, पण हॉलमधलं बॅडमिंटन किंवा रात्रीचं बॉक्स क्रिकेट असलं तरी पद्धत हीच.

सुरू करायच्या आधी काय हवं

एक वही, सध्या जो असेल तो कॅमेरा (किट लेन्सवालाही, म्हणजे खोक्यात सोबत येणाऱ्या साध्या लेन्सचाही चालेल, मित्राचाही चालेल), आणि ज्या मैदानात तुम्ही खरोखर शूट करणार आहात तिथली एक रात्र. बजेट वहीत लिहा पण बॉडी आणि लेन्स मिळून एकच आकडा लिहा, वेगवेगळे नको. शंभर रुपये असतील तर त्यातले पन्नास लेन्सचे असं मी धरून चालतो, आणि हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात ते मला माहितीय.

फ्लॅशचा विचार सोडा. पकडीच्या ऐन क्षणी रेडरच्या डोळ्यात फ्लॅश मारलात तर सरपंच (सामन्याचे मुख्य पंच) उठवतील, त्यांनी नाही उठवलं तर संघवाले उठवतील.

टप्पा १: शटर स्पीड आधी पक्का करा

कॅमेऱ्याच्या आधी खेळ. शटर स्पीड म्हणजे शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं राहतं ते. रेडर मध्यरेषेवर पाय सरकवत अंदाज घेत असतो तेव्हा १/३२० ला सुद्धा फोटो येतो, पण तो फोटो कुणालाच नको असतो. हवी असते ती लाथ, डुबकी, कोपरारक्षकाने घोटा धरल्यावरची उडी, हात मध्यरेषेला लागतो तो क्षण. याला १/१००० धरा. अगदीच उजेड नसेल तर १/६४० पर्यंत खाली या, त्यात पंजे आणि पाय थोडे हलतात पण चेहरा सापडतो. १/५०० च्या खाली गेलात की दहातले आठ फोटो कचऱ्यात.

वहीत लिहा: १/१०००. पुढचं सगळं गणित याच्यावर आहे.

इशारा: "माझ्या लेन्सला स्टॅबिलायझर आहे, मी १/१२५ ला पण हातात धरतो" हे इथे कामाचं नाही. स्टॅबिलायझर तुमचा हात थांबवतो, रेडरला नाही थांबवत.

टप्पा २: मैदानाचा उजेड मोजा

सामना चालू असताना जा, दुपारी जाऊन खांब मोजून काही कळत नाही. कॅमेरा मॅन्युअलवर टाका, किट लेन्स १८ मिमीवर (सगळ्यात रुंद टोकाला) ठेवून एफ ३.५ (लेन्स किती उघडते त्याचा आकडा, लहान म्हणजे जास्त उजेड), शटर १/२५०, आणि आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा) वाढवत जा, जोपर्यंत खेळाडूचा चेहरा स्क्रीनवर नीट दिसत नाही तोपर्यंत. जर्सीकडे बघू नका, चेहऱ्याकडे बघा. आणि स्क्रीनचा ब्राइटनेस ऑटोवर असेल तर काढा, रात्री ती फसवते, अंधारात काळा फोटोही छान दिसतो.

समजा आयएसओ ३२०० ला चेहरा बरोबर आला. आता गणित. १/२५० वरून १/१००० ला जायचं म्हणजे उजेड चौथाई होणार, म्हणून आयएसओ चौपट, १२८००. पण एफ ३.५ ऐवजी एफ २.८ ची लेन्स लावली तर उजेड साधारण दीडपट मिळतो, म्हणून १२८०० चे झाले ८०००. म्हणजे या मैदानाचा आकडा: १/१०००, एफ २.८, आयएसओ ८०००. वहीत मोठ्या अक्षरात लिहा, कारण हाच आकडा घेऊन तुम्ही दुकानात जाणार आहात.

हे एकाच जागी करून थांबू नका. पुरुषांचं क्रीडांगण १३ बाय १० मीटरचं असतं, खांब चार कोपऱ्यांत असतील तर मध्यरेषेवर उजेड बरा आणि कोपऱ्यात सावल्या, दोनच बाजूंना असतील तर एका अंगाने चेहरा उजळ आणि दुसऱ्या अंगाने काळा. मध्यरेषा आणि चारही कोपरे, पाच ठिकाणी मोजा. कोपऱ्यात निम्मा उजेड निघणं अगदी नेहमीचं आहे, आणि पकडी कुठे होतात? कोपऱ्यातच. त्यामुळे पाचातला सगळ्यात वाईट आकडा तुमचा खरा आकडा.

तपासा: ही पहिली रात्र होती की मधली? उद्घाटनाला सगळे दिवे लागतात, आमदार येतात, दुसऱ्या दिवसापासून जनरेटरचं डिझेल वाचवायला दोन फोकस (खांबावरचे मोठे दिवे) बंद. मी एकदा उद्घाटनाच्या दिवशी मोजून आलो आणि सेमीफायनलला एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या उजेडात बसलो होतो, त्यामुळे शक्यतो मधल्या दिवशीच मोजा.

टप्पा ३: लेन्स ठरवा, हो, बॉडीच्या आधी

वरचा ८००० चा आकडा एफ २.८ चा आहे. त्याच मैदानात, त्याच शटरला एफ १.८ ची लेन्स लावली तर आयएसओ ३२०० च्या आसपास येतो. आणि ५५-२५० सारखी किट झूम, जी लांबच्या टोकाला एफ ५.६ होते, ती लावली तर ३२०००. तोच कॅमेरा, तीच रात्र, फरक फक्त काचेचा. एवढा फरक कुठलीही महागडी बॉडी देऊ शकत नाही, हे ज्याला कळलं त्याचे पैसे वाचले.

आता कुठली लेन्स हे तुम्ही कुठे बसता त्यावर. अंत्य रेषेच्या मागे अडीच मीटरवर बसलात आणि रेडर बोनस रेषेपर्यंत आला (ती अंत्य रेषेपासून पावणेदोन मीटरवर असते) तर तो तुमच्यापासून फक्त सव्वाचार मीटरवर आहे. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या बॉडीवर, सेन्सर म्हणजे फोटो पकडणारी चिप) ८५ मिमीची लेन्स लावून बसलात तर आडव्या फ्रेममध्ये उंची जेमतेम सव्वा मीटरची मिळते, म्हणजे कंबरेच्या वरचा माणूस, आणि घोटा धरलेला हात फ्रेमच्या बाहेर. इथे ५० एफ १.८ लागते, क्रॉप बॉडी (लहान सेन्सरची) असेल तर ३५. ८५ कधी, तर तुम्हाला कोपऱ्याच्या जरा लांब जागा मिळाली तर. ७०-२०० एफ २.८ असेल तर उत्तम, पण ती कर्ज काढून घेऊ नका, ५० आणि ८५ दोन्ही मिळून तिच्यापेक्षा खूप स्वस्तात होतात आणि उजेडही जास्त देतात.

इशारा: सेकंडहँडमध्ये निकॉनच्या जुन्या ५० एफ १.८ डी, ८५ एफ १.८ डी अशा लेन्स स्वस्त मिळतात. त्यांच्यात फोकस फिरवणारी स्वतःची मोटर नसते. डी५६००, डी३५०० वर त्या ऑटोफोकस करत नाहीत आणि एफटीझेड अडॅप्टर (जुनी लेन्स जोडायचा तुकडा) लावून झेड सिरीजवर, म्हणजे निकॉनच्या मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर) सुद्धा करत नाहीत. डी७५०, डी५०० वर करतात. कॅननच्या ईएफ (डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या) लेन्स मात्र अडॅप्टरने आर सिरीजच्या मिररलेसवर आरामात चालतात, त्यामुळे जुनी ईएफ ८५ एफ १.८ असेल तर विकू नका.

टप्पा ४: आता आकड्यावरून सेन्सर

लेन्स ठरली, आता वहीतला आयएसओ त्या लेन्सच्या हिशोबाने परत लिहा. माझा ठोकताळा असा, वाद घालायचा तर घाला:

३२०० पर्यंत येत असेल तर क्रॉप बॉडी चालेल, फुल फ्रेमच्या नादी लागायची गरज नाही. ३२०० ते ८००० मध्ये फुल फ्रेम घ्या, कारण क्रॉपपेक्षा तिला साधारण एक स्टॉपचा, थोडा जास्तच, फायदा असतो. १२८०० च्या वर जात असेल तर बॉडी बदलून फार उपयोग नाही, मंडळाच्या अध्यक्षांना गाठा आणि आणखी दोन फोकस लावून घ्या, त्यांचे व्हिडिओवाले सुद्धा तुम्हाला दुवा देतील.

इथे तीन चुका सारख्या होतात. पहिली, खोक्यावरचा कमाल आयएसओ बघणं. "याला १,०२,४०० आहे" म्हणजे तो आकडा मेनूत आहे एवढंच, त्याला फोटो बघण्यासारखा येतो असं नाही. दुसरी, मेगापिक्सेल. कबड्डीचा फोटो जातो व्हॉट्सॲपवर, इन्स्टावर, पेपरात, फार तर चौकातल्या फ्लेक्सवर, आणि फ्लेक्स कुणी हातभर अंतरावरून बघत नाही, त्यामुळे २० ते २४ मेगापिक्सेल भरपूर झाले. ४५ घेतलेत तर कार्ड लवकर भरेल आणि रात्री दोन वाजता लॅपटॉप रडेल. तिसरी चूक शूट करतानाची आहे पण निवडीवर परिणाम करते: आयएसओ मुद्दाम १६०० वर ठेवायचा, फोटो काळा काढायचा आणि नंतर लाइटरूममध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) उचलायचा. सावल्यांमध्ये जी घाण वर येते ती बघून लोक म्हणतात बॉडी खराब. अरे, आयएसओ ६४०० ला बरोबर एक्स्पोजर दिलं असतंस तर याच बॉडीने, निदान जुनी असेल तर, कमी घाण दिली असती.

आणि एक गोष्ट, जी पाचेक वर्षांपूर्वी मी लिहिली नसती. लाइटरूममध्ये २०२३ पासून जो एआय डीनॉइज आलाय त्याने रॉ फाइलमधला (कॅमेऱ्याच्या मूळ, न दाबलेल्या फाइलमधला) नॉइज, म्हणजे तीच दाणेदार घाण, खरंच साफ होतो. त्यामुळे जुन्या बॉडीचा आयएसओ ८००० आता पूर्वीएवढा वाईट राहिला नाही. पण हुकलेला फोकस कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही, आणि अर्धी फ्रेम पिवळी अर्धी हिरवी आली तर तेही नाही. म्हणून मी आता फोकस आणि फ्लिकर (दिव्यांचं लुकलुकणं) या दोन गोष्टींना आयएसओच्या वर ठेवतो, आणि पुढचे दोन टप्पे म्हणूनच लांब आहेत.

टप्पा ५: दिवे लुकलुकतात का, ते बघा

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे ट्यूब, मेटल हॅलाइड आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला दिसत नाही. पण १/१००० ला तुम्ही त्या एका झोक्याचा फक्त दहावा भाग पकडता, कधी शेंड्यावर, कधी तळात. म्हणून एकाच बर्स्टमधले (बटण दाबून धरून सलग काढलेले) फोटो असे येतात: पहिला उजळ, दुसरा एक स्टॉप काळा, तिसरा पिवळट, चौथा पुन्हा ठीक.

माझ्या पहिल्या मोठ्या फायनलला शेवटची चढाई, बरोबरी सुटायची होती, रेडरने तिघांना घेऊन मध्यरेषेवर हात टेकला आणि माझे आठ फोटो. त्यातला ज्यात बोटं रेषेला लागतायत तोच एक काळपट हिरवा. बाकी सात छान, पण त्यांच्यात बोटं रेषेच्या वीतभर अलीकडे. ते आठ फोटो अजून आहेत माझ्याकडे, नवीन पोरं शिकायला आली की दाखवतो.

चाचणी सोपी आहे. मैदानात पांढरी जर्सी किंवा पांढरा बॅनर पकडा, सगळं मॅन्युअल, व्हाइट बॅलन्ससुद्धा (रंगांचा तोल) ऑटोवर नको, १/१००० ला तीस फोटोंचा बर्स्ट. मग थंबनेल एकत्र लावून बघा. सगळे सारखे असतील तर तुम्ही नशीबवान, या टप्प्यातलं उरलेलं वाचलं नाही तरी चालेल. उड्या मारत असतील तर बॉडीत फोटोसाठीचं अँटी-फ्लिकर हवंच हवं. यात कॅमेरा दिव्याचा झोका ओळखतो आणि शटर बरोबर शेंड्यावर उघडतो. बर्स्टचा वेग थोडा कमी होतो, होऊ दे.

कुणात आहे, कुणात नाही: कॅनन ७डी मार्क टू मध्ये आहे, ५डी मार्क थ्री मध्ये नाही, मार्क फोर मध्ये आहे. पहिल्या १डी एक्स मध्ये नाही, मार्क टू मध्ये आहे. निकॉन डी५०० मध्ये आहे, पण डी७५० मधलं "फ्लिकर रिडक्शन" हे लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघणं) आणि व्हिडिओसाठी आहे, फोटोसाठी नाही, आणि इथे भरपूर लोक फसतात कारण मेनूत ते नाव दिसतं. सोनी ए७ थ्री, निकॉन झेड ६, कॅनन आर६ मध्ये आहे.

इशारा: नवीन मिररलेस घेतल्यावर पोरं काय करतात, तर सेकंदाला २० किंवा ४० फ्रेम्सच्या लोभाने इलेक्ट्रॉनिक शटर (पडदा न हलवता नुसत्या सेन्सरने फोटो) चालू करतात. साधा सेन्सर वरून खाली ओळीने वाचला जातो. समजा वाचायला १/२० सेकंद लागला, तर तेवढ्या वेळात दिवा पाच वेळा कमी-जास्त झाला, म्हणजे एकाच फोटोवर पाच पट्टे, चादरीवर असतात तसे. शिवाय लाथ मारणारा पाय वाकडा येतो. स्टॅक्ड, म्हणजे फार वेगाने वाचल्या जाणाऱ्या सेन्सरवाल्यांना (निकॉन झेड ८, सोनी ए९ वगैरे) हा त्रास खूप कमी, सोनी ए९ थ्रीचा ग्लोबल शटर सगळी फ्रेम एकदम वाचतो. पण ते बजेट असतं तर तुम्ही हा लेख वाचत नसता. बाकीच्यांनी मेकॅनिकल शटर (खरा हलणारा पडदा), विषय संपला.

आणि काही एलईडींचे ड्रायव्हर भलत्याच वेगाने लुकलुकतात, तिथे साधं अँटी-फ्लिकर त्यांना ओळखतच नाही. हे मेनूतून नाही कळत, त्याच दिव्याखाली बॉडी नेऊनच कळतं, त्याचसाठी टप्पा ८.

टप्पा ६: फोकस

सगळे विचारतात, "किती ईव्हीपर्यंत फोकस करतो?" (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, उणे म्हणजे जवळजवळ अंधार.) कॅनन आर६ उणे ६.५ ईव्ही म्हणते, डी७५० उणे ३. हा आकडा तुमच्यासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. एक तर आर६ चा तो आकडा एफ १.२ लेन्स लावून, मधल्या पॉइंटवर, थांबलेल्या वस्तूवर काढलेला असतो. आणि दुसरं, टप्पा २ मधलं मैदान साधारण ६ ते ७ ईव्हीचं निघतं, म्हणजे त्या उणे आकड्यांच्या कितीतरी वर. अंधारामुळे फोकस हुकत नाही हो, हुकतो तो रेडर आणि तुमच्यामध्ये एक बचावपटू आडवा येतो म्हणून, जर्सी एकरंगी गुळगुळीत असते म्हणून, आणि रेडर अर्ध्या सेकंदात दिशा बदलतो म्हणून. वर उथळपणा: ८५ ला एफ १.८ वर सहा मीटरवरच्या माणसाला शार्पनेसची खोली जेमतेम अर्धा मीटर मिळते. रेडरचा पाय पुढे, तोंड मागे, संपली खोली.

त्यामुळे डीएसएलआर बघत असाल तर फोकस पॉइंट किती यापेक्षा कुठपर्यंत पसरलेत आणि त्यातले क्रॉस (आडव्या-उभ्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारे) किती ते बघा. डी५०० चे १५३ पॉइंट फ्रेमच्या जवळजवळ कडेपर्यंत जातात. ७डी मार्क टू चे ६५ च्या ६५ क्रॉस. डी७५० चे ५१ आहेत पण मध्ये गर्दी करून बसलेत. ६डी स्वस्तात दिसते, फुल फ्रेम आहे, आयएसओ पण छान, आणि फोकस पॉइंट ११, त्यात क्रॉस एकटा मधला. लग्नात स्टेजवर ती आजही चालेल. कबड्डीला नको.

मिररलेसमध्ये चेहरा आणि डोळा ओळखणं येतं, आणि तिथे नवीनच भानगड. कबड्डीत प्रेक्षक मॅटला चिकटून बसतात, सगळ्यांचे चेहरे कॅमेऱ्याकडे, आणि रेडर मान खाली घालून बघत असतो पायांकडे. कॅमेऱ्याला काय आवडणार? मागचे चाळीस चेहरे. म्हणून बॉडी बघताना हे तपासा की फोकसची जागा लहान करून, फक्त त्या चौकटीतलाच चेहरा धर, असं सांगता येतं का, आणि फोकस किती चिकट ठेवायचा, म्हणजे मध्ये कुणी आडवं आलं तर लगेच उडी मारायची की थांबायचं, हे सेट होतं का.

तपासा: दुकानात शेल्फवरच्या खोक्यावर फोकस करून "कसला फास्ट आहे" म्हणू नका. मित्राला तुमच्याकडे पळत यायला सांगा आणि दुसऱ्याला मधून आडवं जायला सांगा. दुकानदार हसेल, हसू दे.

टप्पा ७: वेग, बफर, कार्ड

इथे लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि इथे सगळ्यात कमी आहे. चढाई ३० सेकंदांची, पण त्यातला कामाचा भाग दीड-दोन सेकंद. सेकंदाला ८ ते १० फ्रेम्स पुरतात. ६ वर जमतं पण नशीब लागतं, ३ वर (कॅनन १५००डी वगैरे) नाही जमत. बफर (कार्डावर लिहायच्या आधी फोटो साठवणारी कॅमेऱ्यातली मेमरी) इतका हवा की रॉ मध्ये तीन सेकंद दाबून धरलं तरी कॅमेरा अडकू नये. आणि कार्डात कंजुषी नको. यूएचएस-वन (कार्डाच्या वेगाचा प्रकार, टू त्याहून जलद) कार्डाची मर्यादाच १०४ एमबी प्रति सेकंद, तीही कागदावर. ए७ थ्री मध्ये फक्त पहिला स्लॉट यूएचएस-टू आहे, दुसरा वन, त्यामुळे दोन्हीकडे रॉ लिहायला लावलात तर वेग दुसऱ्याचाच.

टप्पा ८: यादी तीनवर आणा आणि एक रात्र भाड्याने घ्या

आता वही समोर ठेवा आणि बॉड्यांची नावं त्यात टाकून बघा. फ्लिकर आहे आणि आयएसओ ३२०० च्या आत? सेकंडहँड डी५०० किंवा ७डी मार्क टू, मी डी५०० घेईन. फ्लिकर नाही, आयएसओ जास्त, बजेट कमी? डी७५०, मधल्या पॉइंटांवर भागवायची तयारी असेल तर. दोन्ही त्रास आहेत? सेकंडहँड ए७ थ्री किंवा आर६, आणि घरात ईएफ लेन्स असतील तर प्रश्नच नाही, आर६. नवीनच घ्यायची आणि पैसे आहेत? आर६ मार्क टू, झेड ६ थ्री. यात कंपनीची भक्ती नाही, तुमच्या दोस्ताकडे ज्या कंपनीच्या लेन्स आहेत ती घेतलीत तरी मी काही म्हणणार नाही, उसनी ७०-२०० ही फार मोठी गोष्ट आहे.

मग त्यातली पहिली पसंती एका रात्रीसाठी भाड्याने घ्या, ठरवलेल्याच लेन्ससकट, आणि त्याच मैदानात जा. भाडं जातं म्हणून लोक हे टाळतात आणि मग सहा महिन्यांत तीच बॉडी तोटा खाऊन विकतात. रात्रीत हे करा: फ्लिकरचा तीसचा बर्स्ट पुन्हा, अँटी-फ्लिकर बंद आणि चालू. वीस चढाया पूर्ण शूट. घरी येऊन शंभर टक्क्यांवर मोजा, कामाच्या क्षणातले किती फोटो चेहऱ्यावर शार्प. माझा निकष दहात सहा. चारच्या खाली आले तर सेटिंग बदलून अजून एक रात्र, तरी चारच आले तर दुसरी बॉडी.

टप्पा ९: सेकंडहँड घेताना

मुंबईत बोरा बाजार असो की ओळखीचा लग्नाचा फोटोग्राफर, तपासणी तीच, आणि ती दिवसा करा, घाईत नको.

शटर काउंट (आतापर्यंत शटर किती वेळा उडालं तो आकडा) बघा. निकॉनचा आकडा फोटोच्या फाइलमध्येच असतो, कॅननच्या बऱ्याच बॉड्यांना केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. डी५०० आणि ७डी मार्क टू चं शटर कंपनी २ लाखांचं सांगते, डी७५० चं दीड लाख. लग्नवाल्याच्या बॉडीचे दोन सीझनमध्ये लाख होतात, त्यामुळे "घरीच वापरलाय" यावर जाऊ नका.

एफ १६ लावून पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम आउट ऑफ फोकस फोटो, म्हणजे सेन्सरवरचे डाग दिसतात. धूळ साफ होते, ओरखडा नाही होत. मग लेन्सला झाकण लावून आयएसओ ६४०० ला एक फोटो, म्हणजे जळके पिक्सेल दिसतात. आणि आपल्याकडे खास बघायची गोष्ट, लेझर. वरात, विसर्जन, डीजेसमोर वापरलेल्या बॉड्यांवर लेझर थेट पडलेला असतो, आणि त्याने सेन्सरवर रंगीत ठिपका किंवा फ्रेमभर सरळ रेघ कायमची बसते. आडवी-उभी कुठलीही रेघ दिसली, कितीही बारीक, तर किंमत विचारू सुद्धा नका.

कार्डाच्या स्लॉटमध्ये टॉर्च मारून पिना सरळ आहेत का बघा. बॉडीवरचा सीरियल नंबर बिलावरच्याशी जुळवा. बिल नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या.

टप्पा १०: पहिल्या सामन्याला

मॅन्युअल, १/१०००, लेन्स जितकी उघडते तितकी, आयएसओ वहीतला आणि हाताने लावलेला. ऑटो आयएसओ मागच्या काळ्या गर्दीला बघून चेहरे जाळतो. व्हाइट बॅलन्स केल्विनमध्ये (दिव्याच्या रंगाचं माप) एकच आकडा, रॉ, मेकॅनिकल शटर, अँटी-फ्लिकर चालू. थंडीत रात्री अकरानंतर दव पडतं, समोरच्या काचेला सुती फडकं खिशात ठेवा. मातीचं मैदान असेल तर लेन्स बदलायला मंडपाच्या मागे जा, कोर्टाच्या कडेला बॉडी उघडी ठेवलीत तर एका झटापटीत मूठभर धूळ आत.

पहिल्या पाच चढायांनंतर एकदा थांबा आणि स्क्रीनवर झूम करून चेहरे बघा. मागच्या आजोबांची मिशी रेडरपेक्षा शार्प दिसत असेल तर फोकसची चौकट लहान करा आणि पुन्हा बसा. मध्यंतराच्या पाच मिनिटांत कार्ड आणि बॅटरी बघा, चहा नंतर. आणि दुसऱ्या हाफला संघ बाजू बदलतात तेव्हा तुम्ही पण बदला, कारण ज्या कोपऱ्यात उजेड बरा आहे तो आता दुसऱ्या संघाकडे गेलेला असतो.